डास तोच, मलेरियाही तोच. मग एकाला सोसतो आणि दुसऱ्याला का नाही? रक्तातला फरक आणि १४ दिवसांच्या गोळ्या : सविस्तर माहिती

छत्रपती संभाजीनगर : पावसाळा लागला, शेततळी-डबकी भरली, पाटाला पाणी सुटलं की थंडी वाजून ताप येणारे पेशंट वाढतात. एकाच घरात, एकाच ओसरीवर झोपणाऱ्या दोन भावांना मलेरिया होतो. एक चार दिवसांत उठून शेतात जातो, दुसऱ्याला दवाखान्यात भरती करावं लागतं. तिसऱ्याला ताप उतरल्यावर गोळ्या चालू असताना लघवी एकदम काळपट होते आणि डोळे पिवळे दिसू लागतात. गावात मग चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं औषध बनावट, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे.

खरं कारण बऱ्याचदा रक्तात असतं. माणसामाणसाच्या रक्तात जन्मापासून बारीक फरक असतात आणि त्यातले काही फरक मलेरियाशी थेट जोडलेले आहेत. हे फरक कोणते, त्यांचा फायदा-तोटा काय आणि गोळी घेण्याआधी काय विचारायचं, ते या लेखात समजून घेऊया.

आधी मलेरिया समजून घेऊ

मलेरिया म्हणजे हिवताप. तो परजीवीमुळे होतो. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावरच जगणारा जीव. एनोफिलीस जातीची मादी चावली की हा जीव आपल्या अंगात शिरतो. आधी यकृतात म्हणजे लिव्हरमध्ये जातो, तिथे वाढतो आणि मग रक्तातल्या लाल पेशींमध्ये घुसतो. पेशी फोडून बाहेर पडतो तेव्हा हुडहुडी भरते आणि ताप चढतो. डासाचा आणि मलेरियाचा हा संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली आपल्याच देशात, सिकंदराबादला शोधून काढला. त्यासाठी त्यांना १९०२ चं नोबेल मिळालं.

आपल्याकडे मुख्य दोन प्रकार आढळतात :

- व्हायवॅक्स : सहसा जीवघेणा नसतो, पण याचे काही जंतू लिव्हरमध्ये झोपून राहतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होतात आणि ताप पुन्हा येतो. ‘ताप उलटला’ असं आपण म्हणतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.
- फाल्सिपेरम : हा धोकादायक. मेंदू, किडनी यांवर परिणाम करू शकतो. लिव्हरमध्ये झोपून राहत नाही, पण उपचाराला उशीर झाला तर जीव जाऊ शकतो.

राज्यात मलेरियाचा मोठा भार गडचिरोली जिल्ह्यावर आहे. आपल्या जिल्ह्याची स्थिती तशी नाही. पण कामासाठी माणसं ये-जा करतात. ऊसतोडीला आपले लोक बाहेर जातात, वीटभट्टी आणि बांधकामावर इतर राज्यांतून मजूर येतात. तापाचा जंतू माणसासोबत प्रवास करतो, म्हणून ही माहिती आपल्यालाही हवी.

मलेरियाने माणसाचं रक्त कसं बदललं?

दुष्काळी साली शेतात जे वाण तगतं, त्याचंच बी पुढच्या पेरणीला उरतं. असं दहा-वीस वर्षं झालं तर शिवारात तेच वाण जास्त दिसायला लागतं. माणसाच्या बाबतीतही असंच घडलं. जिथे हजारो वर्षं मलेरिया होता, तिथे असंख्य लहान मुलं त्याने दगावली. ज्यांच्या रक्तात मलेरियाला अडवणारा एखादा बदल होता, ती मुलं जास्त वाचली, मोठी झाली, त्यांना मुलं झाली. तो बदल पुढच्या पिढ्यांत पसरत गेला.

हा विचार जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराबद्दल मांडला. हेच हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात राहायला आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं.

पक्का पुरावा मिळाला १९५४ मध्ये, पूर्व आफ्रिकेत. अँथनी अ‍ॅलिसन या डॉक्टरांनी ३० माणसं निवडली. १५ जणांच्या रक्तात सिकलसेलचा एक जनुक होता, १५ जणांच्या रक्तात नव्हता. सगळ्यांना मलेरियाची लागण करण्यात आली. सिकलसेल जनुक नसलेल्या १५ पैकी १४ जणांच्या रक्तात जंतू वाढले. जनुक असलेल्या १५ पैकी फक्त दोघांच्या रक्तात वाढले. मुद्दाम लागण करण्याचा असा प्रयोग आज त्या पद्धतीने करू देणार नाहीत, पण त्यातून उत्तर मात्र स्पष्ट मिळालं.

फरक पहिला : सिकलसेल

लाल पेशी गोल असते, मधे थोडी दबलेली. सिकलसेलमध्ये रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच छोटा बदल असतो. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकडी होते. ‘सिकल’ म्हणजेच विळा.

प्रत्येक माणसाला हा जनुक दोन प्रती मिळतो, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यावरून तीन प्रकार होतात :

- दोन्ही प्रती चांगल्या (एए) : सिकलसेल नाही.
- एक चांगली, एक बदललेली (एएस) : याला ‘वाहक’ म्हणतात. बहुतेक वाहक आयुष्यभर ठणठणीत असतात, त्यांना माहीतही नसतं.
- दोन्ही बदललेल्या (एसएस) : हा सिकलसेलचा रुग्ण. अंगदुखी, सांधेदुखी, रक्त कमी होणं, वारंवार आजारपण.

मलेरियापासून संरक्षण मिळतं ते वाहकाला. फाल्सिपेरमच्या गंभीर आजारापासून वाहकाचा बचाव सुमारे ९० टक्के होतो, असं आफ्रिकेतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. जंतू शिरलेली पेशी लवकर वाकडी होते आणि प्लीहा, म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो ती, अशा पेशी रक्तातून काढून टाकते. त्यात जंतूही जातो. शिवाय अशा पेशीत जंतूची वाढही नीट होत नाही.

इथे एक मोठा गैरसमज आहे. ‘सिकलसेल असेल तर मलेरिया होत नाही’ असं काही लोक सांगतात. ते चूक आहे. वाहकालाही मलेरिया होऊ शकतो, फक्त तो जिवावर बेतण्याची शक्यता कमी असते. आणि एसएस रुग्णासाठी तर मलेरिया जास्तच घातक. त्याचं रक्त आधीच कमी असतं, तापाने ते आणखी तुटतं आणि दुखण्याचा झटका येतो. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर त्याची मच्छरदाणी सगळ्यांच्या आधी बांधा.

भारतात सिकलसेल पहिल्यांदा १९५२ मध्ये नीलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये सापडला. नागपूर भागातला शोध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. आज महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ या जिल्ह्यांत तो जास्त आढळतो. आदिवासी समाजांत आहे, तसाच विदर्भात इतर समाजांतही आहे. म्हणून ‘हा अमक्या जातीचा रोग’ असं म्हणणं चूक. ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथल्या माणसांनी टिकून राहण्याची ही किंमत मोजली आहे.

फरक दुसरा : जी६पीडीची कमतरता

हे नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण त्याचा संबंध थेट गोळीशी आहे.

जी६पीडी हे लाल पेशीतलं एक एन्झाइम. त्याचं काम पेशीचं रक्षण करणं. काही औषधं, काही संसर्ग यांमुळे पेशीवर ताण येतो. हे एन्झाइम पुरेसं असेल तर पेशी तो ताण सहन करते. कमी असेल तर पेशी फुटते. एरवी माणूस एकदम निरोगी असतो. दिसायला काही फरक नाही, ताकदीत काही फरक नाही. त्रास होतो तो ठरावीक गोष्टींनीच.

जिथे मलेरिया जास्त होता, त्याच भागांत ही कमतरता जास्त आढळते. म्हणजे इथेही मलेरियापासून काही प्रमाणात बचाव होत असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. भारतात याचे मेडिटेरेनियन, ओडिशा आणि केरळ-कल्याण हे तीन प्रकार जास्त दिसतात. यातलं ‘कल्याण’ म्हणजे आपलं ठाणे जिल्ह्यातलंच. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात हा प्रकार सापडला, त्यावरून नाव पडलं. मुंबईत १९६० च्या दशकातल्या तपासण्यांत पारशी समाजात ही कमतरता जास्त असल्याचं दिसलं. प्रमाण समाजागणिक बदलतं, पण कोणताही समाज यातून पूर्ण सुटलेला नाही.

ही कमतरता पुरुषांत जास्त का? कारण हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. पुरुषाला एक्स एकच मिळतो आणि तो आईकडून. तो बदललेला आला तर कमतरता होणारच. बाईला दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. म्हणून मुलाला ही कमतरता निघाली तर बापाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही आणि आईलाही दोष देऊ नका. ती फक्त पुढे आलेली देणगी आहे. मात्र मुलाचा मामा आणि मावशीची मुलं यांची तपासणी करून घ्यावी, कारण त्यांच्यातही ती असू शकते.

प्रायमाक्विन : फायद्याची गोळी, पण कुणासाठी?

व्हायवॅक्स मलेरियाला साधारण दोन औषधं देतात. तीन दिवस क्लोरोक्विन, त्याने रक्तातले जंतू मरतात आणि ताप उतरतो. आणि १४ दिवस प्रायमाक्विन, त्याने लिव्हरमध्ये झोपलेले जंतू मरतात. फाल्सिपेरममध्ये वेगळं औषध असतं आणि प्रायमाक्विनचा एकच डोस देतात, जेणेकरून डासामार्फत जंतू दुसऱ्याला जाऊ नये.

दोन्हीकडून चूक होते, ती अशी :

पहिली चूक : ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, माणूस कामाला लागतो आणि उरलेल्या गोळ्या खुंटीवरच्या पिशवीत राहतात. दोन महिन्यांनी ताप उलटतो. पुन्हा मजुरी बुडते, पुन्हा दवाखाना, आणि त्या काळात डास चावून शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही मलेरिया होतो. म्हणून १४ दिवस म्हणजे पूर्ण १४ दिवस.

दुसरी चूक : ज्याला जी६पीडीची कमतरता आहे, त्याला न विचारता ही गोळी दिली जाते. अशा माणसाच्या लाल पेशी गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत फुटायला लागू शकतात. प्रायमाक्विनने काहींचंच रक्त का तुटतं, हे कोडं १९५६ मध्ये अमेरिकेत सुटलं आणि त्यातूनच जी६पीडीच्या कमतरतेचा शोध लागला.

गोळी चालू असताना ही लक्षणं दिसली तर थांबा :

- लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा किंवा कोलासारखा काळपट होणं
- डोळे किंवा त्वचा पिवळी दिसणं
- ओठ निळसर पडणं
- एकदम अशक्तपणा, धाप लागणं, छाती धडधडणं
- पाठ किंवा पोट जोरात दुखणं

यापैकी काही दिसलं तर प्रायमाक्विन पुढे घेऊ नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. रात्र असेल, प्रकृती गंभीर असेल तर १०८ ला फोन करा. नुसती मळमळ किंवा पोटात थोडी आग होत असेल तर गोळी सोडू नका. ती जेवणानंतर घ्या आणि आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा.

प्रायमाक्विन कुणाला देत नाहीत? गरोदर बाईला, एक वर्षाच्या आतल्या बाळाला आणि जी६पीडीची कमतरता माहीत असलेल्याला १४ दिवसांचा कोर्स देत नाहीत. बाळ अंगावर पीत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. कमतरता असलेल्या माणसाला औषधच नाही असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा असा आठ आठवड्यांचा कोर्स देता येतो. पण हा निर्णय डॉक्टरांचा, मेडिकलवाल्याचा किंवा आपला नाही.

आणखी कुठल्या गोष्टी टाळायच्या?

ज्याला जी६पीडीची कमतरता आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटोइन यांसारखी औषधं घेऊ नयेत. कपाटात कपड्यांत ठेवतात त्या डांबराच्या गोळ्या (नॅफ्थॅलीन) घरात ठेवू नयेत, खासकरून लहान बाळाच्या कपड्यांत. बाकला नावाच्या शेंगांनीही काहींचं रक्त तुटतं. आपल्याकडच्या वालाच्या शेंगा वेगळ्या, त्यांचा यात समावेश नाही.

नवजात बाळ आणि कावीळ : पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळ खूप पिवळं दिसत असेल, दूध ओढत नसेल, सुस्त पडलं असेल तर कोवळ्या उन्हात धरून वाट पाहू नका. जी६पीडीची कमतरता हे त्याचं एक कारण असू शकतं. कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते. दवाखान्यात निळ्या प्रकाशाखाली ठेवून हे टाळता येतं.

फरक तिसरा आणि चौथा : थोडक्यात

डफी : व्हायवॅक्सला लाल पेशीत शिरायला ‘डफी’ नावाचं दार लागतं. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या पेशींवर हे दारच नसतं, म्हणून तिथे व्हायवॅक्स फार कमी. आपल्याकडे जवळपास सगळ्यांना हे दार असतं, म्हणून आपल्याकडे व्हायवॅक्स आहे.

गोळी अंगी लागणं : प्रायमाक्विन पोटात गेल्यावर लिव्हरमधल्या एका एन्झाइममुळे कामाला लागते. काही लोकांत हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं. त्यांनी १४ दिवस नेमाने गोळी घेऊनही ताप उलटू शकतो. म्हणून कोर्स पूर्ण करूनही ताप परत आला तर ‘तू गोळ्या खाल्ल्या नसशील’ म्हणून पेशंटला रागावण्याआधी डॉक्टरांनी आणि घरच्यांनी हाही विचार करावा.

लग्नाआधी रक्त तपासायचं का?

सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या बाबतीत, हो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात :

- चारात एक शक्यता : मूल पूर्ण निरोगी
- चारात दोन शक्यता : मूल आई-बापासारखं वाहक
- चारात एक शक्यता : मूल आजारी

हे प्रत्येक वेळी नव्याने ठरतं. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन चांगली होतील असं नाही. एक वाहक आणि एक वाहक नसलेला असेल तर आजारी मूल होत नाही, फक्त वाहक होऊ शकतं. म्हणजे वाहकाने लग्न करायचं नाही असा याचा अर्थ अजिबात नाही. जोडीदार वाहक आहे का, एवढं पाहायचं.

आपल्याकडे मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी नात्यातली लग्नं बरीच होतात. नात्यात एकच जनुक दोघांकडे असण्याची शक्यता जास्त. त्यामुळे अशा घरांत पत्रिका पाहतो तसा रक्ताचा रिपोर्टही पाहावा. लग्न झालेलं असेल आणि दोघंही वाहक निघाले तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा, पोटातल्या बाळाची तपासणी मोठ्या केंद्रांवर होते.

तपासणी आणि सरकारी मदत

- मलेरिया : ताप आला की बोटातून रक्त घेऊन काचपट्टी किंवा झटपट किट. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताई यांच्याकडे मोफत. रिपोर्टवर ‘व्हायवॅक्स’ की ‘फाल्सिपेरम’ हे नक्की पाहून घ्या.
- सिकलसेल : आधी साधी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार ठरला असं नाही. वाहक की रुग्ण हे पुढच्या तपासणीतून, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यातून ठरतं. पहिल्याच रिपोर्टवर घाबरू नका.
- जी६पीडी : ही रक्तचाचणी सगळीकडे होत नाही. आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारा, ते पुढे कुठे पाठवायचं ते सांगतील. रक्त तुटण्याचा झटका नुकताच येऊन गेला असेल तर चाचणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते, कारण जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात. अशा वेळी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. बायकांमध्येही झटपट चाचणीत अर्धवट कमतरता सुटून जाऊ शकते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू केलं. २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचं उद्दिष्ट आहे आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरवली आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांचा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत समावेश आहे, त्यामुळे रुग्णाला प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. वाहकाला मात्र हे प्रमाणपत्र लागू नाही, कारण तो आजारी नसतो.

मलेरियाबाबतही देशाने २०३० पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते गाठायचं तर व्हायवॅक्सच्या प्रत्येक पेशंटने १४ दिवस पूर्ण करायला हवेत. आणि लोक ते तेव्हाच करतील जेव्हा गोळीबद्दल भीती उरणार नाही. एकाचं रक्त तुटलं की त्याची बातमी दहा गावांत जाते आणि शंभर जण गोळी टाकून देतात. म्हणून ज्याला गोळी चालत नाही त्याला आधी ओळखणं हे बाकीच्या सगळ्यांसाठीही गरजेचं आहे.

गोळी हातात घेण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. माझा मलेरिया व्हायवॅक्स आहे की फाल्सिपेरम?

२. प्रायमाक्विन किती दिवस घ्यायची?

३. आमच्या घरात, आईच्या माहेरी कुणाला औषधाने कावीळ किंवा काळी लघवी झाली होती. मला चालेल का?

४. मी गरोदर आहे किंवा बाळ अंगावर पितं. मला काय द्यायचं?

५. त्रास झाला तर कुणाला फोन करायचा?

जी६पीडी किंवा सिकलसेलचा रिपोर्ट असेल तर त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि मूळ कागद आधारकार्डासोबत जपून ठेवा. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेरगावी जाताना तो सोबत न्या. तिथल्या डॉक्टरला तुमचं रक्त माहीत नसतं, तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. औषध सुरू करताना किंवा बंद करताना आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)